डॉ. केतकरांचा जातिविषयक प्रबंध : संकल्प, मर्यादा आणि सिद्धि

‘प्रबंध’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. परंतु विद्यापीठाच्या पदवीसाठीं, ठराविक मुदतींत, एका गुरूच्या देखरेखीखालीं आणि परीक्षकांपुढें ठेवण्यासाठीं लिहावयाचा प्रबंध ही वस्तु आपल्याकडे विसाव्या शतकांतच रूढ झाली. त्यांतहि समाजशास्त्रावरील प्रबंध अगदींच नवा. मुंबई विद्यापीठांत ह्या शास्त्राचें स्वतंत्र अध्यापन इ. स. १९१९ मध्यें पॅट्रिक गेडिस ह्यांच्या हातून सुरू झालें. त्यापूर्वीं आठ वर्षें श्रीधर व्यंकटेश केतकर ह्या महाराष्ट्रीय तरुणानें हिंदु समाजरचनेवर प्रबंध लिहून अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच्. डी. ही पदवी मिळविली होती. केतकर आज ज्ञानकोशकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचा प्रबंध मात्र फार थोड्यांनीं वाचलेला असतो. प्रस्तुत लेखांत त्यांचें चरित्र सांगण्याचा हेतु नाहीं. तो प्रबंध कसा योजिला गेला, त्यास कुंपण कसें घातलें गेलें व तो सिद्धीस कसा गेला, एवढेंच पाहावयाचें आहे. हस्तलिखितें व दप्तरें जमविणाऱ्यांच्या मंडळींत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपल्यापैकीं कित्येकांच्या पेट्या कागदांनीं भरून राहतात आणि ग्रंथ मात्र निघत नाहीं. हें कां होतें, त्याचा उलगडा ह्या एका प्रबंधाच्या घडणींत चांगला होतो.

संस्कृत शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीति आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. हल्लीं विद्यापीठें विद्यार्थ्याकडून प्रथम जो आराखडा लिहून घेतात, त्यांत वस्तुतः हेंच चार प्रश्न निराळ्या शब्दांनीं विचारलेले असतात. विषय कोणता, तो कशासाठीं घ्यावयाचा, हातीं असलेल्या साधनांचा त्या विषयाशीं संबंध काय, आणि हें काम करण्याचा अधिकार लिहिणाराच्या अंगीं आहे कीं नाहीं. अधिकारी हा शब्द मुळांत वाचणारास उद्देशून आहे. येथें तो लिहिणारास लावावा लागतो, एवढाच भेद. ह्या चारांपैकीं विद्यार्थी अडखळतो तो बहुधा तिसऱ्या ठिकाणीं. विषय मोठा असतो, साधनेंहि पुष्कळ असतात, पण ह्या साधनांनीं तो विषय सिद्ध होतो काय, हें त्यानें स्वतःस विचारलेलें नसतें.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजीं रायपूर येथें झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजांत कांहीं काळ शिकून ते १९०६ सालीं अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क संस्थानांतील इथाका गांवच्या कॉर्नेल विद्यापीठांत दाखल झाले. वय बावीस वर्षांचें. हिंदुस्थानांतून आलेल्या तरुणास तिकडे पहिला प्रश्न कोणता विचारला जात असेल, हें सांगावयास नको : तुमच्याकडील जातिभेद म्हणजे काय? ह्या प्रश्नास तोंडीं उत्तर देणें सोपें आणि लेखी उत्तर देणें महाकठीण. कारण जातिभेदाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे वेदकाळापासून शिरगणतीपर्यंत तीन सहस्र वर्षें, शेंकडों ग्रंथ, सहस्रावधि शिलालेख व ताम्रपट, आणि प्रत्येक प्रांतांतील चालू व्यवहार, एवढा पसारा समोर येतो. हें काम एका माणसाच्या एका जन्मांत होणारें नाहीं. मग चार-पांच वर्षांत, मातृभूमीपासून सातासमुद्रांपलीकडे, परक्या ग्रंथालयांत बसून तें व्हावें कसें?

केतकरांनीं ह्या अडचणींतून जो मार्ग काढला तो त्यांच्या ग्रंथाच्या लांबलचक नांवांतच दिसतो. त्या नांवाचा मराठींत आशय असा : हिंदुस्थानांतील जातीचा इतिहास, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील येथील सामाजिक स्थितीविषयीं मनूच्या धर्मशास्त्राची साक्ष, तिचा अर्थ लावून व ती तपासून, शिवाय मानववंशशास्त्रांतील मूलगामी दोषांवर एक परिशिष्ट. हें नांव आजच्या वाचकास अवजड वाटेल, पण त्याचा एकेक शब्द म्हणजे रोवलेली एकेक सीमाशिला आहे. विषय जात, काळ एकच शतक, साक्षीदार एकच ग्रंथ, आणि त्या साक्षीदाराशीं वागण्याची रीति दुहेरी, म्हणजे आधीं त्याचें म्हणणें समजून घ्यावयाचें आणि मग त्याची उलटतपासणी करावयाची. संकल्प संपूर्ण इतिहासाचा होता. प्रबंध मात्र त्यांतून कापून काढलेल्या एका तुकड्याचा झाला. ग्रंथ १९०९ सालीं इथाका येथेंच छापून निघाला, तेव्हां लेखकाचें वय पंचवीस होतें. पुढें १९११ सालीं पदवी मिळाली आणि त्याच वर्षीं हिंदुधर्माची घडण व भवितव्य ह्या विषयावरील त्यांचा निबंध, त्याच इतिहासाचा दुसरा भाग म्हणून, लंडनहून प्रसिद्ध झाला.

ह्याच्या शेजारीं आपल्या परिचयाचें दुसरें उदाहरण ठेवून पाहावें. वि. का. राजवाडे ह्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचे २२ खंड काढले. साधनें संपूर्ण हातीं येईपर्यंत इतिहास लिहूं नये, ही त्यांची धारणा होती, आणि ज्या काळीं दप्तरें वाण्यांच्या दुकानीं पुड्या बांधण्यास जात होतीं त्या काळीं ती धारणा योग्यच होती. परंतु ह्याच राजवाड्यांनीं भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहावयास घेतला. तो विषय केतकरांच्या विषयाचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे. त्यांत ठिकठिकाणीं जी प्रतिभा चमकते ती केतकरांच्या प्रबंधांत कोठेंहि नाहीं, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. पण तो ग्रंथ अपुराच राहिला. राजवाड्यांस कोणी मुदत घातली नव्हती, कोणी परीक्षक नव्हता, आणि कुंपण घालून घेणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. विद्यापीठाच्या प्रबंधास आपल्यांतील पुष्कळ जुने लोक नाक मुरडीत आले आहेत. पदवीसाठीं लिहिलेलें तें विद्येसाठीं नव्हे, असा त्यांचा आक्षेप. तो कांहीं अंशीं खरा असला, तरी मुदत आणि मर्यादा ह्या दोन गोष्टींनीं विद्येचें जें हित होतें तें ह्या आक्षेपांत विसरलें जातें.

आतां प्रबंधाच्या अंतरंगाकडे वळूं. केतकरांनीं प्रथम जातीचें लक्षण बांधलें. जात म्हणजे असा समुदाय, कीं ज्याचें सदस्यत्व त्या समुदायांतील माणसांच्या पोटीं जन्मलेल्यांपुरतेंच असतें व तसें जन्मलेल्या सर्वांस असतें. आणि ज्यांतील माणसांस समुदायाबाहेर विवाह करण्यास कडक सामाजिक निर्बंध असतो. हें लक्षण लहान दिसतें, पण लावून पाहिलें म्हणजे त्याची धार कळते. ‘ब्राह्मण’ ही ह्या लक्षणानें जात ठरतच नाहीं. देशस्थ, कोंकणस्थ, कऱ्हाडे ह्या जाति ठरतात. आणि पूर्वीं ऋग्वेदी व यजुर्वेदी देशस्थांत सहसा शरीरसंबंध होत नसे, तो काळ घेतला तर देशस्थांतहि दोन जाति मानाव्या लागतात. म्हणजे ज्या नांवानें समाज स्वतःस ओळखतो तें नांव एक, आणि ज्या कुंपणाच्या आंत तो मुली देतो-घेतो तें कुंपण दुसरें. शिरगणतीचे अधिकारी नांवें मोजीत होते. केतकरांनीं कुंपणाकडे बोट दाखविलें.

ह्या लक्षणाची पुढें जी परीक्षा झाली तीहि सांगण्यासारखी आहे, कारण प्रबंधाचें खरें फळ पदवी नसून त्यास मिळणारा तोलाचा वाचक होय. ९ मे १९१६ रोजीं कोलंबिया विद्यापीठांत डॉ. गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गापुढें भीमराव आंबेडकर ह्यांनीं हिंदुस्थानांतील जाति, त्यांची घटना, उत्पत्ति व विकास ह्या विषयावर निबंध वाचला. त्यांत सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर ह्या चौघांचीं लक्षणें घेऊन त्यांनीं तीं एकेक तपासलीं. पहिल्या तिघांचीं बाजूस सारलीं. केतकरांचा मात्र त्यांनीं गौरव केला : हा लेखक एतद्देशीय असून त्याची दृष्टि चिकित्सक व मोकळी आहे, आणि जात ही एकाकी वस्तु नसून जातींच्या समूहांतील एक घटक आहे हें त्यानें ओळखलें. मग दोषहि दाखविला. जन्मानें सदस्यत्व आणि बाहेर विवाहाची बंदी, हीं दोन लक्षणें निराळीं नव्हेत. बाहेर विवाह बंद केला कीं सदस्यत्व आपोआप आंत जन्मलेल्यांपुरतें उरतें. नाण्याच्या दोन बाजू मोजून दोन नाणीं म्हणण्यासारखें तें झालें. आपल्या नैयायिकांच्या भाषेंत हा गौरवदोष होय, आणि एकानेंच काम होत असतां दोन घेऊं नयेत ही लाघवाची दृष्टि. आंबेडकरांनीं अंतर्विवाह हें एकच तत्त्व धरून पुढें सती, सक्तीचें वैधव्य व बालविवाह ह्यांचा उलगडा त्यावरून करून दाखविला. हा निबंध १९१७ सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’ ह्या मासिकांत, म्हणजे शिलालेख, नाणीं व पोथ्या ह्यांच्या अभ्यासकांच्या पत्रांत, प्रसिद्ध झाला, ही गोष्ट आपण विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एका पंचविशींतील विद्यार्थ्याच्या लक्षणावर दुसऱ्या पंचविशींतील विद्यार्थ्यानें सात वर्षांत केलेली ही सुधारणा पाहिली, म्हणजे लक्षण आधीं बांधण्याचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. जें बांधलेलेंच नसतें तें कोणास दुरुस्तहि करतां येत नाहीं.

आतां साक्षीदाराविषयीं. मनुस्मृति बारा अध्यायांची, सुमारे २,७०० श्लोकांची. तिच्यांत समाज कसा असावा तें सांगितलें आहे. मग समाज कसा होता हें तिच्यावरून कसें काढावें? हा प्रश्न समाजशास्त्राचा म्हणून नवा वाटतो, परंतु मीमांसकांस तो जुना आहे. विधि, निषेध आणि अर्थवाद हे वाक्यांचे भेद त्यांनीं पाडून ठेविले आहेत. आणि निषेध हा प्राप्त गोष्टीचाच संभवतो, जें कोणी करीतच नाहीं त्याची बंदी करण्यास कोणी बसत नाहीं, हेंहि त्यांनींच शिकविलें आहे. ही कसोटी लावून पाहावें. तिसऱ्या अध्यायांत श्राद्धास बोलावूं नयेत अशा ब्राह्मणांची मोठी यादी आहे. तींत वैद्य आहे, देवळांतील पुजारी आहे, मांस विकणारा आहे, व्याजबट्टा करणारा आहे, नट आहे, मेंढ्या व म्हशी पाळणारा आहे. आणि वेतन घेऊन शिकविणाराहि आहे. (प्रस्तुत लेखकानें सारा जन्म शेवटच्या सदरांत काढला असल्यामुळें ह्या यादीकडे तो निर्विकार मनानें पाहूं शकत नाहीं.) ही यादी आदर्शाची म्हणून वाचली तर ब्राह्मणांचे आचार कसे कडक होते असें वाटेल, साक्ष म्हणून वाचली तर त्या काळीं ब्राह्मण कोणकोणते धंदे करीत होते, ह्याचा तो पट आहे. चौथ्या अध्यायांत शूद्र राजाच्या राज्यांत राहूं नये असें सांगितलें आहे. मग शूद्र राजे होते, आणि त्यांच्या राज्यांत ब्राह्मण राहतहि होते. दहाव्या अध्यायांतील संकरजातींचें प्रकरण तर ह्या रीतीनें वाचावेंच लागतें. मागध, वैदेह, अंबष्ठ, द्रविड, खस हीं उघडउघड देशांचीं व लोकांचीं नांवें आहेत. त्यांस अमुक वर्णाच्या पुरुषापासून अमुक वर्णाच्या स्त्रीस झालेली संतति म्हणून बसविलें आहे. चारच वर्ण, पांचवा नाहीं, असें एकीकडे म्हणावयाचें आणि दुसरीकडे डोळ्यांपुढें पन्नास जाति नांदत आहेत त्यांची संगति लावावयाची, ह्या ओढाताणींतून तें प्रकरण निघालें आहे. वर्ण ही मांडणी आणि जाति ही वस्तुस्थिति, हा भेद ज्यास ह्या अध्यायांत दिसला नाहीं त्यास तो पुढें कोठेंहि दिसावयाचा नाहीं.

परंतु साक्षीदार एकच घेतला म्हणजे त्याच्या वयाचा प्रश्न जिवावरचा होतो. मनूची साक्ष तिसऱ्या शतकाची म्हणावयाची, तर ग्रंथ तिसऱ्या शतकाचा ठरला पाहिजे. ब्यूलर ह्यांनीं १८८६ सालच्या आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेंत इसवी सनापूर्वीचें दुसरें शतक ते इसवी सनाचें दुसरें शतक असा चारशें वर्षांचा अवकाश दिला होता; पुढें पां. वा. काणे ह्यांनींहि आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत (पहिला खंड १९३०) तोच स्थूलमानानें स्वीकारला. केतकर तरुण होते, त्यांस चारशें वर्षांचा अवकाश परवडणारा नव्हता, आणि त्यांनीं उत्तरेकडील टोकाच्याहि पलीकडचें एक शतक निवडलें. ह्याबद्दल त्यांस दोष देणारे होते. आज पॅट्रिक ऑलिव्हेल ह्यांनीं पन्नासांहून अधिक हस्तलिखितें तपासून २००५ सालीं मनूची चिकित्सित आवृत्ति काढल्यानंतर पंडितांचा कल दुसऱ्या-तिसऱ्या शतकांकडे झुकला आहे. म्हणजे केतकर फारसे चुकले नाहींत. पण बरोबर ठरणें निराळें आणि सिद्ध करणें निराळें. सिद्ध करण्याचीं साधनें १९०९ सालीं इथाक्यांत त्यांच्यापुढें नव्हतीं.

येथें पोथ्या जमविणारांचा संबंध येतो, तो एका अक्षराच्या उदाहरणानें दाखवितों. दहाव्या अध्यायांत व्रात्य क्षत्रियापासून झालेल्या लोकांची यादी आहे : झल्ल, मल्ल, त्यांच्यापुढें एक नांव, मग नट, करण, खस, द्रविड. तें मधलें नांव कुल्लूकाच्या छापील पाठांत ‘निच्छिवि’ असें आहे. अन्यत्र तें लकारानें आरंभ होणारें आहे. हें नांव लिच्छवींचें असेल तर त्याचें वजन केवढें वाढतें पाहा. गुप्तवंशांतील पहिल्या चंद्रगुप्तानें लिच्छविकुळांतील कुमारदेवीशीं विवाह केला, आणि त्यांचा पुत्र समुद्रगुप्त प्रयागच्या स्तंभावर लिच्छवींचा दौहित्र म्हणून मिरवितो. ज्यांच्या सोयरिकीचा सम्राट् अभिमान धरतो त्यांस संस्कारभ्रष्टांची संतति म्हणणारा ग्रंथ गुप्तांच्या उत्कर्षानंतरचा नसावा, असें अनुमान साहजिकच निघतें. हें सारें अनुमान ल आणि न ह्या दोन अक्षरांवर टांगलेलें आहे. वि. ना. मंडलीक ह्यांनीं मेधातिथि, सर्वज्ञनारायण, कुल्लूक, राघवानंद, नंदन, रामचंद्र इत्यादि टीकांसह मनूची आवृत्ति मुंबईंत १८८६ सालीं छापली, तेव्हां पाठभेदांचें एक दालन उघडलें खरें. पण टीकाकारांचे पाठ म्हणजे मूळ प्रतींचे पाठ नव्हेत. समाजशास्त्राचा विद्यार्थी आराखडा आंखतो, प्रश्न विचारतो, लक्षण बांधतो. पण त्याच्या पायाखालची फरशी आपल्यासारख्यांनीं बसविलेली असते. ती हलली कीं प्रबंध हलतो.

केतकरांवरील माझा मुख्य आक्षेप मात्र काळाविषयीं नाहीं, देशाविषयीं आहे. मनूचा आर्यावर्त दुसऱ्या अध्यायांत स्पष्ट आंखलेला आहे. हिमालय आणि विंध्य ह्यांच्यामधला तो प्रदेश. त्या प्रदेशांतील एका पंडिताची साक्ष सबंध हिंदुस्थानाच्या सामाजिक स्थितीची साक्ष म्हणून नांवांत घालणें हें कुंपणाबाहेर पाय टाकणें होय. ज्यानें काळाची सीमा एवढी काटेकोर आंखली त्यानें देशाची सीमा सैल सोडावी, ह्याचें नवल वाटतें. परमुलखांत प्रश्न विचारणाऱ्यांस सबंध ‘इंडिया’ हवा होता, हें त्याचें कारण असावें.

परिशिष्टाविषयीं एवढेंच सांगतों कीं, रिस्ले ह्यांच्यासारखे अधिकारी नाकाडोळ्यांचीं मापें घेऊन जाति म्हणजे वंश असें ठरवीत असतां, त्या शास्त्राच्या मुळावरच शंका घेण्याचें धैर्य एका विद्यार्थ्यानें दाखविलें. तें काम सावकाशीनें पुरें केलें तें गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनीं. मालवणास १८९३ सालीं जन्मलेले घुर्ये मूळचे संस्कृताचे एम्. ए.; गेडिस ह्यांनीं त्यांस विलायतेस शिकावयास पाठविलें. केंब्रिजमध्यें रिव्हर्स हे त्यांचे गुरु. जून १९२२ मध्यें रिव्हर्स अकस्मात् वारले. हॅडन ह्यांच्या देखरेखीखालीं प्रबंध तडीस गेला. जात व वंश ह्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ मात्र १९३२ सालीं निघाला. त्यांत त्यांनीं रिस्ले ह्यांचेच आंकडे पुन्हा मांडून दाखविलें कीं, जातीची उच्चनीचता आणि शरीराचीं मापें ह्यांचा मेळ उत्तर हिंदुस्थानाच्या कांहीं भागाबाहेर बसत नाहीं. केतकरांचा प्रबंध पदवीच्या आधीं छापला गेला, घुर्यांचा दहा वर्षांनीं ग्रंथरूप झाला. पक्वता कोणाची अधिक हें दोन्ही वाचणारास लगेच कळतें.

पुढें मुंबईंत घुर्ये स्वतः गुरु झाले. त्यांच्या हाताखालीं इरावती कर्वे ह्यांनीं चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ सालीं एम्. ए. केलें, आणि नंतर बर्लिन येथें १९३० सालीं कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर दुसरा प्रबंध लिहिला. त्या दुसऱ्यांत, ही असमानता वंशावर अवलंबून आहे असें मानणाऱ्या गुरूच्या मताविरुद्ध निष्कर्ष त्यांनीं मांडला. विषय गुरूचा असतो, निष्कर्ष शिष्याचा असावा लागतो, ह्याचें ह्याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाहीं.

घुर्यांचेच दुसरे शिष्य म्हैसूरचे एम्. एन्. श्रीनिवास. कोडगांतील लोकांवर त्यांनीं १९४४ सालीं मुंबई विद्यापीठास जो प्रबंध सादर केला तो दोन भागांचा, सुमारे ९०० पृष्ठांचा होता. रीतिभाती, सण, विवाह, देवक, गाणीं, सारें त्यांत होतें. पुढें १९४५ सालीं ते ऑक्सफर्डला गेले. तेथें रॅडक्लिफ-ब्राऊन ह्यांनीं सुचविलें कीं, ह्याच सामग्रीवरून धर्म आणि समाजरचना ह्यांचा परस्परसंबंध पाहावा. तींच टिपणें, तेच लोक, नवा प्रश्न. १९४७ सालीं दुसरी पदवी मिळाली आणि १९५२ सालीं जो ग्रंथ निघाला त्यानें ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा शास्त्रास दिली. पहिल्या ९०० पृष्ठांचें आज कोणी नांव काढीत नाहीं. पण तीं पृष्ठें नसतीं तर दुसरा ग्रंथ कशाच्या आधारावर उभा राहता? ह्याच श्रीनिवासांचीं दुसऱ्या एका गांवाविषयींचीं, वर्षानुवर्षें संस्कार करून सिद्ध केलेलीं टिपणें एप्रिल १९७० मध्यें स्टॅनफर्ड येथें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. तीन प्रती केलेल्या होत्या. तिन्ही एकाच इमारतींत होत्या. मग त्यांनीं मुख्यतः स्मरणावरून त्या गांवाचा ग्रंथ लिहिला, तो १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. प्रती तीन असून उपयोग नाहीं, त्या तीन ठिकाणीं हव्यात, हें पोथ्या सांभाळणारांस कोणी शिकवावें असें नाहीं; तरी आठवण असलेली बरी.

केतकरांकडे परत येऊं. मनूपासून पुढें चालू काळापर्यंत जातीचा इतिहास आणण्याचा त्यांचा मूळ संकल्प त्या दोन भागांपलीकडे गेला नाहीं. ते १९१२ च्या सुमारास मायदेशीं परतले, आणि पुढें ज्ञानकोशाच्या २३ भागांनीं त्यांच्या आयुष्याचीं उत्तम वर्षें घेतलीं. १० एप्रिल १९३७ रोजीं पुण्यास ते वारले. एकाच शतकास कुंपण घालून प्रबंध पुरा करणारा मनुष्य अखिल विश्वाचें ज्ञान अकारविल्हे लावावयास निघाला, ह्यांत विसंगति आहे असें कित्येकांस वाटतें. मला तसें वाटत नाहीं. इतका अफाट ग्रंथ त्यांनीं तडीस नेला तोहि मांडणी आधीं आणि मजकूर मागून, ह्याच शिस्तीनें. मात्र जातीच्या इतिहासाचें जें दालन त्यांनीं उघडें टाकलें तें आपल्या प्रांताच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें होतें. मनूची स्मृति आणि इंग्रजांची शिरगणती ह्यांच्या मधल्या सहस्राहून अधिक वर्षांत, विशेषतः अखेरच्या चार-पांच शतकांत, जातीविषयीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें तें अजून एका माळेंत ओवलें गेलेलें नाहीं. गोपीनाथाचा जातिविवेक, कमलाकरभट्टाचा शूद्रकमलाकर, शेषकृष्णाचा शूद्राचारशिरोमणि, गागाभट्टाचा कायस्थधर्मदीप हे ग्रंथ एका बाजूस. आणि ग्रामण्याचीं प्रकरणें, वेदोक्ताचे तंटे, पंक्तिव्यवहाराचीं व प्रायश्चित्ताचीं पत्रें, महजर आणि निवाडे दुसऱ्या बाजूस. पहिल्या बाजूस पंडित काय असावें तें सांगतो. दुसऱ्या बाजूस पाटील, कुळकर्णी, ज्ञाति आणि सरकार ह्यांनीं प्रत्यक्षांत काय केलें तें दिसतें. केतकरांच्या हातीं एकच साक्षीदार होता. येथें वादी आणि प्रतिवादी दोघेहि बोलके आहेत.

हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यानें शतक एक, प्रांत एक आणि प्रश्न एक घ्यावा. सारें दप्तर वाचून होईपर्यंत लेखणी उचलूं नये असा पण करूं नये. संग्राहकांकडे माझें मागणें ह्याहून साधें आहे. जातिविवेकासारख्या ग्रंथाच्या दोन प्रतींत जातींच्या यादी जुळल्या नाहींत, तर धाकटी यादी अपपाठ म्हणून टाकून देऊं नये. लेखकूनें कोणतीं नांवें गाळलीं, कोणतीं घातलीं, आणि प्रत कोणत्या गांवीं व कोणत्या शकांत उतरली, हें पुष्पिकेसह जसेंच्या तसें छापावें. ग्रामण्याच्या कागदांत केवळ निवाड्याचा शेवट न देतां, साक्षीला कोण कोण बसले त्यांचीं नांवें, ज्ञाति आणि निशाण्या ह्यांसकट सबंध कागद द्यावा. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत टंकलिखित स्वरूपांत पडून राहिलेले जुने प्रबंध, आणि ज्या घरांत त्यांचीं टिपणें व प्रश्नांच्या चिठ्ठ्या अजून शिल्लक असतील तीं घरें, ह्यांचीहि एक सूची आतांच सुरू करावी. प्रबंधाची बांधीव प्रत सांपडते, चिठ्ठ्या मात्र लेखकाच्या मागें दोन वर्षांतच रद्दींत जातात.